चौदा दिवसांच्या गोळ्या

आमच्या आबांना थंडी वाजून ताप आला. रक्त तपासले तर व्हायवॅक्स जातीचा हिवताप निघाला. क्लोरोक्विन ३ दिवस आणि प्रायमाक्विन १४ दिवस घ्यायची होती. ताप उतरला, तसे आबा म्हणाले, "आता गोळी कशाला खाऊ?" उरलेल्या गोळ्या फळीवरच राहिल्या. दोन महिन्यांनी परत ताप!

मित्रांनो, याचे काही जंतू यकृतात, म्हणजे कलेजीत, झोपून राहतात. क्लोरोक्विन रक्तातले जंतू मारते, झोपलेले नाही. त्यांना प्रायमाक्विन मारते. पण गंमत बघा, ही गोळी जशी गिळली तशी काम करीत नाही. यकृत तिचे रूप पालटते, तेव्हा कुठे तिला जोर येतो. काही तासांत ती अंगातून कमी होते, म्हणून रोज घ्यायची.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. नित्या गोगटे, डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सोबत्यांनी ५ दिवस व १४ दिवस अशी तुलना करून १९९९ साली ती छापली. ५ दिवसांच्या गोळ्यांनी ताप उलटायचा थांबला नाही, १४ दिवसांच्या गोळ्यांनी थांबला.

मात्र एकाची गोळी दुसऱ्याला देऊ नये. काहींच्या तांबड्या पेशी तिने फुटतात. गरोदर बाईला तर देतच नाहीत. डॉक्टरांना विचारावे.

दुसऱ्या वेळी आबांच्या गोळ्या मीच मोजून दिल्या, पूर्ण चौदा दिवस.