जुनी गाडी घेताय? आधी तिची परीक्षा घ्या!



सुट्टीत अनेक घरांत जुनी गाडी घ्यायचा विचार सुरू होतो. रंग चकचकीत, सीट कव्हर नवीन, आणि मालक सांगतो, "पीयूसी आहे, काळजी नको." इथंच आपण फसतो. पीयूसी म्हणजे फक्त धुराची तपासणी. ब्रेक, टायर, स्टिअरिंग त्यात कुणी बघत नाही.

खाजगी कारची नोंदणी 15 वर्षांची असते. आरटीओची फिटनेस तपासणी त्यानंतर, नूतनीकरणाच्या वेळी होते आणि नोंदणी पुढे 5 वर्षांसाठी वाढते. म्हणजे 8-10 वर्षांची गाडी घेताना तिचे परीक्षक आपणच! मग गाड्या सहसा कोणत्या विषयांत नापास होतात ते पाहू.

1) टायर : कारच्या टायरची नक्षी किमान 1.6 मि.मी. खोल हवी. खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, की टायर बाद. टायर एकाच कडेने झिजला असेल तर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शनमध्ये दोष असू शकतो. टायरवर चार आकडे असतात. 3521 म्हणजे 2021 सालचा 35 वा आठवडा.

2) ब्रेक : पेडल दाबून धरा. ते हळूहळू खाली जात राहिलं तर ब्रेक ऑइलची गळती असू शकते. हँडब्रेक चढावर लावून बघा.

3) दिवे : हेडलाइट, इंडिकेटर, ब्रेक लाइट सगळे लावून बघा. एकाला मागे उभं करा, एकट्याला ब्रेक लाइट दिसत नाही.

4) स्टिअरिंग आणि सस्पेन्शन : स्टिअरिंग जास्त ढिलं नको. गाडीचा एकेक कोपरा दाबून सोडा, बराच वेळ हलत राहिला तर शॉकअप गेलेत.

5) सीट बेल्ट : झटका देऊन ओढा, लॉक व्हायलाच हवा. मागचेही तपासा, आपली मुलं तिथंच बसतात.

6) चासी नंबर आणि गंज : नंबर आरसी बुकाशी जुळवा. खोडलेला, पुन्हा ठोकलेला वाटला तर व्यवहार सोडा. कोकणपट्टीतल्या गाडीचा तळ खाली वाकून बघाच.

7) धूर : मालकाला सांगून ठेवा, गाडी आधी चालू करू नका. थंड इंजिन सुरू झाल्यावर निळा धूर येत राहिला, तर इंजिन ऑइल जाळतंय.

सीएनजी किट असेल तर आरसीवर नोंद आणि सिलिंडरची दर 3 वर्षांनी होणारी चाचणी, दोन्हींचे कागद मागा.

टोकन देण्याआधी ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्या. दिवे, टायर, वायपर बदलता येतात. त्यांचा खर्च काढा आणि किमतीतून वजा करायला सांगा. पण गंजलेला सांगाडा किंवा संशयास्पद चासी नंबर असेल, तर किती का स्वस्त मिळेना, ती गाडी नकोच.

वर्गात आपण ओळखीच्या मुलालाही फुकट गुण देत नाही. मग ज्या गाडीत आपली मुलं बसणार, तिला का द्यायचे?