शर्यतीपूर्वींचे पंधरा दिवस



मोठ्या कार्यासाठीं श्रम कसे करावे, हें तुम्हांस घरीं व शाळेंत नेहमीं सांगण्यांत येतें. परंतु तें कार्य अगदीं जवळ येऊन ठेपलें असतां श्रम कसे आवरावे, हें फारसें कोणी शिकवीत नाहीं. आणि वस्तुतः हाही शिकण्याचाच विषय आहे. ज्यांस तो शास्त्रशुद्ध रीतीनें शिकावा लागतो अशा एका वर्गाची, म्हणजे लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉन शर्यतींत उतरणाऱ्या खेळाडूंची, रीत ह्या लेखांत पाहूं.

ट्रायथलॉन म्हणजे तीन खेळांची अखंड शर्यत. प्रथम पोहावयाचें, पाण्यांतून निघतांच सायकलीवर बसावयाचें, आणि सायकल ठेवतांच धांवावयाचें. मध्यें कपडे व जोडे बदलण्यास लागणारा वेळही हिशेबांत धरला जातो. ह्या प्रकारांतील 'आयर्नमन', म्हणजे लोहपुरुष, ह्या नांवाची शर्यत सर्वांत प्रसिद्ध आहे. तींत ३.८६ किलोमीटर पोहणें, १८० किलोमीटर सायकल चालविणें व शेवटीं ४२.१९५ किलोमीटर धांवणें अशीं तीन अंगें असतात, आणि बहुतेक ठिकाणीं हें सर्व सतरा तासांच्या आंत पुरें करावें लागतें. तिचा आरंभ हवाई बेटांपैकीं ओआहू येथें १८ फेब्रुवारी १९७८ रोजीं झाला. जॉन कॉलिन्स नांवाच्या अमेरिकन नौदलांतील अधिकाऱ्यानें, त्या बेटावर निरनिराळ्या वेळीं होणाऱ्या तीन शर्यती एकापुढें एक जोडण्याची कल्पना काढली. पंधरा जण निघाले, बारा जण शेवटास पोंचले. पहिला आलेला गॉर्डन हॉलर ह्यास ११ तास ४६ मिनिटें ५८ सेकंद लागले. आपल्याकडील लोकही ह्या खेळांत आतां उतरूं लागले आहेत. मिलिंद सोमण ह्यांनीं २०१५ सालीं, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असतांना, स्वित्झर्लंडांतील झुरिच येथें ही शर्यत पुरी केली. आणि २०१९ च्या ऑक्टोबरांत गोव्यांत पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर हिच्या निम्म्या अंतराची शर्यत भरली.

अशा शर्यतीची तयारी कित्येक महिने चालते. नोकरीधंदा सांभाळून आठवड्यास दहा-बारा तास व्यायाम, पहांटे तलाव, सुटीच्या दिवशीं पांच-सहा तास सायकल, असा क्रम घरांतील सर्वांच्या परिचयाचा होऊन जातो. मग शर्यत पंधरा दिवसांवर आली म्हणजे आतां दुप्पट जोर करावा, असें कोणासही वाटेल. जाणते खेळाडू ह्याच्या अगदीं उलट करितात. ते व्यायाम थोडा थोडा उतरवीत नेतात. ह्या उतरत्या क्रमास 'टेपर' असें नांव आहे. निमुळतें होत जाणें, हा त्या शब्दाचा अर्थ.

ह्या बाबतींत १९५० सालचा एक प्रसंग नेहमीं सांगितला जातो. चेकोस्लोव्हाकियाचा धांवपटू एमिल झाटोपेक हा आपल्या कठोर मेहनतीबद्दल प्रख्यात होता. ब्रुसेल्स येथील युरोपीय अजिंक्यपदाच्या सामन्यांपूर्वीं तो पोटाच्या विकारानें आजारी पडला, व सुमारें दोन आठवडे त्यास रुग्णालयांत पडून राहावें लागलें. सामने तोंडावर आले तेव्हां कोठें तो बाहेर आला. असें असतां १०,००० मीटरची शर्यत त्यानें दुसऱ्या क्रमांकाच्या धांवपटूस एका मिनिटाहून अधिक वेळानें मागें टाकून जिंकली, आणि थोड्याच दिवसांनीं ५,००० मीटरचीही जिंकली. आजार हें कांहीं औषध नव्हे, आणि एका उदाहरणावरून नियम बांधणेंही योग्य नाहीं. तथापि सक्तीची विश्रांति त्याच्या पथ्यावरच पडली कीं काय, असा प्रश्न सहजच उत्पन्न होतो.

त्याचें उत्तर समजण्यास दुकानदाराच्या खातेवहीचा दाखला घ्यावा. व्यायामाच्या प्रत्येक दिवशीं शरीराच्या वहींत दोन रकमा पडतात. जमेस सामर्थ्य पडतें, आणि नांवें थकवा पडतो. शर्यतीच्या दिवशीं कामास येते ती ह्या दोहोंची वजाबाकी करून उरलेली शिल्लक. एरिक बॅनिस्टर ह्या कॅनडांतील संशोधकानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९७५ सालीं ही कल्पना गणिताच्या रूपानें मांडली. तिचें मर्म असें, कीं व्यायाम कमी केला असतां दोन्ही रकमा घटूं लागतात, पण सारख्या वेगानें घटत नाहींत. थकवा लवकर ओसरतो. कमावलेलें सामर्थ्य पुष्कळ सावकाश ओसरतें. म्हणून मध्यें कांहीं दिवस असे येतात, कीं कर्ज बहुतेक फिटलेलें असतें आणि भांडवल जवळजवळ शाबूत असतें. ते दिवस व शर्यतीचा दिवस ह्यांची गांठ पडावी, एवढ्यासाठींच ही सारी योजना.

ह्या पंधरवड्यांत शरीर आळशासारखें स्वस्थ बसलेलें नसतें. श्रमानें स्नायूंच्या तंतूंस झालेली बारीक इजा भरून येते. स्नायूंत व यकृतांत ग्लायकोजेन नांवाच्या पिष्टमय पदार्थाचा सांठा वाढतो. लांब शर्यतींतील हें एक मुख्य जळण होय. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारें तीन ग्रॅम पाणीही सांठविलें जातें. त्यामुळें ह्या दिवसांत वजन किलोभर वाढलेलें दिसतें व अंग जड वाटतें. अजाण खेळाडू तें पाहून घाबरतो आणि जेवण तोडतो. जाणता खेळाडू मनांत म्हणतो, शिदोरी भरली.

आतां व्यायाम उतरवावयाचा तो कसा? ह्यांत तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखल्या पाहिजेत: व्यायाम किती वेळ करावयाचा, किती जोरानें करावयाचा, आणि आठवड्यांतून किती वेळां करावयाचा. कॅनडांतील मॅकमास्टर विद्यापीठांत १९९२ सालीं प्रसिद्ध झालेला एक प्रयोग ह्या दृष्टीनें बोधप्रद आहे. मध्यम पल्ल्याच्या धांवपटूंनीं एक आठवडा तीन निरनिराळ्या रीतींनीं काढला. पहिल्या रीतींत धांवणें अतिशय थोडें, पण तें पूर्ण वेगानें. दुसरींत बेताचें धांवणें, पण सावकाश. तिसरींत केवळ विश्रांति. नंतर ठराविक वेगानें दम संपेपर्यंत धांवण्याची परीक्षा घेतली, तेव्हां पहिल्या रीतीनें शेंकडा २२ इतकी वाढ झाली, दुसरीनें शेंकडा ६, आणि नुसत्या विश्रांतीनें कांहींच वाढ न होतां किंचित् घटच झाली. पुढें २००७ सालीं लॉराँ बोस्के व त्याचे सहकारी ह्यांनीं ह्या विषयावरील सत्तावीस अभ्यासांचा एकत्र विचार केला. त्यांचा निष्कर्ष असा निघाला, कीं दोन आठवड्यांच्या अवधींत व्यायामाचें एकंदर प्रमाण शेंकडा ४१ ते ६० इतकें कमी करावें, परंतु त्याचा जोर व आठवड्यांतील वेळा मात्र कमी करूं नयेत.

उदाहरणार्थ, जो आठवड्यास बारा तास व्यायाम करीत होता त्यानें पहिल्या आठवड्यांत सुमारें सात-आठ तास करावा व शर्यतीच्या आठवड्यांत चार तासांवर आणावा. पांच तासांच्या सायकलीच्या जागीं दीड तास सायकल येते. पण त्या दीड तासांत शर्यतीच्या वेगानें मारलेले चार-सहा छोटे पल्ले असतात. तलावावर जाणें तितक्याच वेळां, पण पोहणें अर्धें. आदल्या दिवशीं पंधरा-वीस मिनिटें पाय मोकळे करावे आणि सायकलीचे पट्टे, हवा, ब्रेक हें सर्व तपासून ठेवावें. नवा जोडा, नवें अन्न, नवी बैठक, अशी कोणतीही नवी वस्तु ह्या दिवसांत आणूं नये. एवढ्या खटाटोपानें होणारा लाभ सामान्यतः शेंकडा दोन-तीन इतकाच असतो; पण बारा तासांच्या शर्यतींत शेंकडा दोन म्हणजे चौदा मिनिटांहून अधिक वेळ होतो, हें तुम्ही स्वतः गणित करून पाहावें.

येथवर शरीराचा विचार झाला. खरी कठीण परीक्षा पुढेंच आहे, ती मनाची. महिनोगणती ज्या मनानें श्रमांवर विश्वास ठेवला, त्याच्या हातून श्रम एकाएकीं काढून घेतले म्हणजे तें सैरभैर होतें. रिकाम्या वेळांत शंका येऊं लागतात. कालपर्यंत न दुखलेला गुडघा आज दुखल्यासारखा वाटतो. एक शिंक आली तर ताप येणार असें वाटतें. खेळाडू घरांत चिडचिड करतो. आणि मग एखाद्या सायंकाळीं, 'आपली ताकद शाबूत आहे ना, एवढें पाहून येतों,' असें म्हणून तीस किलोमीटर धांवून येतो. त्या एका धांवेनें फिटत आलेलें कर्ज पुन्हां डोक्यावर बसतें. ह्या वेळीं नवीन सामर्थ्य मिळविणें शक्य नसतें. असलेलें उधळणें मात्र सहज शक्य असतें. म्हणून अनुभवी शिक्षक व्यायामाची रोजनिशी ठेवावयास लावतात, आणि शंका आली म्हणजे तीच उघडून वाचावयास सांगतात. मनाची समजूत आश्वासनांपेक्षां झालेल्या कामाच्या नोंदीनें लवकर पटते.

मनास स्वस्थ ठेवण्याचा दुसरा उपाय म्हणजे त्यास योग्य काम देणें. डोळे मिटून संपूर्ण मार्ग मनांत चालून पाहावा; पण सर्व कांहीं सुरळीत होईल अशीच कल्पना करूं नये, अडचणींसह करावी. पीटर गोलवित्झर ह्या मानसशास्त्रज्ञानें दाखविलें आहे, कीं 'मी चांगलें करीन' अशा मोघम निश्चयापेक्षां 'अमुक घडलें तर मी तमुक करीन' असा आगाऊ बांधलेला निश्चय अधिक तडीस जातो. चष्म्यांत पाणी शिरलें तर उताणें होऊन तें काढीन व पुन्हां पोहूं लागेन. पोट बिघडलें तर वेग कमी करून पाण्याचे घोट घेईन. धांवणें अशक्य झालें तर पुढच्या पाणपोईपर्यंत चालेन, मग पुन्हां धांवेन. तसेंच २२६ किलोमीटरांचा विचार एकदम करूं नये. पुढची खूण तेवढी डोळ्यांपुढें ठेवावी.

इंग्लंडची क्रिसी वेलिंग्टन हिनें आयर्नमनची जागतिक शर्यत २००७, २००८, २००९ व २०११ अशी चार वेळां जिंकली. २००८ सालीं हवाई येथें ती आघाडीवर असतांना तिच्या सायकलीचें चाक पंक्चर झालें. हवा भरण्याच्या नळकांड्यांनीं दगा दिला, आणि ती रस्त्याच्या कडेस उभी राहिली. एकामागून एक स्पर्धक पुढें निघून गेल्या. अखेर ऑस्ट्रेलियाची रेबेका कीट, जी तिची प्रतिस्पर्धीच होती, तिनें आपल्याजवळचें नळकांडें जातां जातां तिला दिलें. सुमारें दहा मिनिटें गेलीं होतीं. पण वेलिंग्टननें धीर सोडला नाहीं, व शर्यत जिंकली. २०११ सालीं तर शर्यतीस सुमारें पंधरवडाच उरला असतां ती सायकलीवरून पडून जखमी झाली. तरीही तिनें ८ तास ५५ मिनिटांत पहिली येऊन दाखविलें. शेवटच्या पंधरवड्यांत मनाप्रमाणें सराव करतां आला नाहीं, एवढ्यानें पूर्वींचें सर्व काम वाहून जात नाहीं, हें ह्यावरून दिसतें.

आदल्या रात्रीं झोंप लागली नाहीं तर पुष्कळ लोक हबकून जातात. त्याची भीति बाळगूं नये. आधींच्या आठवड्यांतील झोंप भरपूर झाली असेल तर एका रात्रीच्या जागरणानें फारसें बिघडत नाहीं; अंग टाकून शांत पडून राहिल्यानेंही विसांवा मिळतो.

आयर्नमन शर्यतीस अठरा वर्षें पुरीं झाल्यावांचून घेत नाहींत, तेव्हां तुमच्यापैकीं कोणी उद्यांच तींत उतरावें असें माझें म्हणणें नाहीं. परंतु परीक्षा तुम्हां सर्वांसच आहे. परीक्षेपूर्वींच्या पंधरवड्यांत अभ्यासाचे तास हळूहळू उतरवावे, पण रोज थोडा वेळ तरी पूर्ण लक्ष लावून, घड्याळ पुढें ठेवून, जुने प्रश्न सोडवावे. नवें पुस्तक आणूं नये. शंका आल्यास सोडविलेल्या वह्या उघडून पाहाव्या. झोंपेंत वाचलेलें अधिक पक्कें होतें, म्हणून रात्र जाळून चार पानें वाढविण्यांत तोटाच असतो. मात्र एक गोष्ट विसरूं नका: ज्यानें वर्षभर कांहींच केलें नाहीं त्याला उतरवावयास कांहीं नसतें. मुळांत ओझें उचललें असेल तरच तें खालीं ठेवण्याचा प्रश्न येतो.

पालकांसही एक विनंती आहे. ह्या दिवसांत मुलगा खिडकीशीं स्वस्थ बसलेला किंवा मुलगी नऊ वाजतां निजलेली दिसली, तर 'परीक्षा आली आणि तुला झोंप कशी येते?' असें विचारूं नये. खेळाडूच्या घरचीं माणसें त्या पंधरवड्यांत त्याच्या चिडचिडीकडे कानाडोळा करितात, वेळेवर जेवूं घालतात, आणि निकालाविषयीं बोलत नाहींत. तेवढें आपणही करावें. वर्षभर ज्यानें प्रामाणिकपणें काम केलें त्याला शेवटीं निश्चिंतपणें निजण्याचा अधिकार आहे, आणि तो अधिकार बजावण्यासही धैर्य लागतें.