मातेचा शोक आणि गीतेतील तितिक्षा

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनास शोकापासून परावृत्त केले आहे. त्यावरून गीता अश्रूंचाच निषेध करते अशी पुष्कळांची समजूत होते, आणि ज्या घरी पुत्रवियोग घडला आहे तेथील मातेला हा अध्याय कठोर वाटतो. परंतु प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून गीता ऐकलेला अर्जुनही युद्धाच्या तेराव्या दिवशी अभिमन्यूसाठी रडला. भगवंतांनी त्याला सावरले, आणि सुभद्रेजवळ जाऊन तिचेही सांत्वन केले. मग चौदाव्या श्लोकातील तितिक्षा कोणती? मातोश्री जिजाबाईंचे चरित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

त्यांच्या पराक्रमप्रेरक मातृत्वाचे वर्णन आपण नेहमी ऐकतो. त्यांनी सोसलेल्या वियोगांकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. १६२९ च्या जुलैत त्यांचे वडील लखुजी जाधवराव यांची निजामशाही दरबारात मुलांसह हत्या झाली. माहेर असे एका दिवसात उद्ध्वस्त झाले, आणि सात महिन्यांच्या आत, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म झाला. पित्याचा व भावांचा शोक आणि पोटातील बाळाची काळजी ही दोन्ही एकाच देहाने वाहिली.

पुढे १६३८ मध्ये विजापूरच्या सैन्याने केंपेगौडाकडून बेंगळूर घेतले व ते शहाजीराजांच्या ताब्यात आले. त्या नगरात पती आणि दोन्ही पुत्र यांच्यासह काही काळ राहण्याचे सुख जिजाबाईंना लाभले. ते अल्प ठरले. १६४२ च्या सुमारास धाकट्या पुत्रास घेऊन त्या पुण्यास आल्या. थोरले संभाजीराजे पित्याजवळ कर्नाटकातच राहिले. एक मूल जवळ आणि एक दूर, ही अवस्था आजही नोकरीनिमित्त मुले परप्रांती असलेल्या अनेक गृहिणींना परिचित आहे. जिजाबाईंच्या बाबतीत दूरचा पुत्र परत आलाच नाही. १६५५ च्या सुमारास कनकगिरीच्या वेढ्यात संभाजीराजे पडले. हे स्थान आजच्या कोप्पळ जिल्ह्यात आहे. पुण्याकडे ती वार्ता पोहोचण्यास त्या काळी कित्येक दिवस लागले असतील.

त्यानंतरच्या दिवसांत मातेच्या मनात काय चालले असेल, याची कल्पना रंगवण्याचे कारण नाही. जे घडले तेच पुरेसे बोलके आहे. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर शिवाजीराजांना पुत्र झाला व त्याचे नाव संभाजी ठेवले गेले. ज्या नावाने हाक मारण्याचे त्या घरी राहिले होते, ते पुन्हा पाळण्याजवळ उच्चारले जाऊ लागले. १६५९ मध्ये सईबाई निवर्तल्या, तेव्हा दोन वर्षांच्या त्या नातवाचा सांभाळ आजीकडे आला. साठीच्या घरातील स्त्रीने पुन्हा बाळाचे खाणे, झोप आणि दुखणे यांत मन घातले.

गीतेने सुखदुःखांना येणारी व जाणारी म्हटले आहे. ती नाहीतच, असे म्हटलेले नाही. ती सोसावीत म्हणजे डोळे कोरडे ठेवावेत, असा अर्थ कोणी काढू नये. दुःख असतानाही समोर आलेल्या कर्तव्याला हात लावता येणे, एवढाच व्यवहारी अर्थ गृहस्थाला पुरेसा आहे. तेही दर वेळी एकट्याने साधते असे नाही. १६६४ च्या जानेवारीत होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे मृत्यू पावले, तेव्हा जिजाबाईंनी सहगमनाचा निश्चय केला होता. बखर सांगते की शिवाजीराजांनी अत्यंत आग्रहाने त्यांना परावृत्त केले. दुःखाने खचलेल्या आईला या वेळी मुलाने धरून ठेवले.

त्यानंतर त्या दहा वर्षे जगल्या. शिवाजीराजे आग्र्यास गेले, तेव्हा राज्याचा भार त्यांच्याकडे होता. ६ जून १६७४ रोजी रायगडावर पुत्राचा राज्याभिषेक झाला, आणि अकरा दिवसांनी गडाच्या पायथ्याशी पाचाड येथे त्यांनी देह ठेवला. त्या सोहळ्यात युवराज म्हणून उपस्थित असलेला संभाजी तेव्हा सतरा वर्षांचा होता.