क्लच बिघडला? गिअरबॉक्स उतरवण्याआधी एवढे पाहा



हंगाम सुरू झाला की घरच्या गाडीला उसंत नसते. मुकादमाकडे जायचे, बेणे-खत वाहायचे, गट ऑफिसला फेरी मारायची. नेमका त्याच वेळी गिअर पडेनासा होतो आणि गॅरेजमध्ये निकाल मिळतो, "क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." कधी ते खरेही असते. पण हायड्रॉलिक क्लचच्या गाडीत दोष पुष्कळदा बाहेरच, तेलात किंवा सिलिंडरच्या रबरात असतो. तसे असताना गिअरबॉक्स उतरवणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. म्हणून बाहेरची तपासणी स्वतःला माहीत असावी.

हा क्लच चालतो कसा?

पुष्कळ ट्रॅक्टरचा क्लच लोखंडी दांड्यांनी चालतो. बऱ्याच जीप, पिकअप व मोटारींत ते काम तेल करते. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या तेल पुढे ढकलतो. ते नळीतून गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये जाते. तिथला दट्ट्या फोर्क हलवतो, फोर्क बेअरिंगला प्रेशर प्लेटवर दाबतो आणि क्लच प्लेट सुटी होते.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) यांचा नियम इथे कामाला येतो. मात्र तेल दबत नाही, हवा दबते. पाइपलाइनीत हवा धरली की मोटार चालू असून पाणी पडत नाही. क्लचचेही तसेच आहे.

आधी रोग ओळखा

रोग दोन, आणि ते एकमेकांच्या उलट आहेत.

१. क्लच सुटत नाही : पेडल पूर्ण दाबूनही गिअर टाकताना, विशेषतः रिव्हर्सला, करकर आवाज येतो.

२. क्लच घसरतो : चढावर इंजिन ओरडते, पण गाडी ओढत नाही; जळका वास येतो.

गिअरबॉक्सवर खर्च करण्यापूर्वी यांतला कोणता, हे ठरवलेच पाहिजे.

क्लच सुटत नसेल तर

• टाकीतले तेल बघा. ते आपोआप संपत नाही. कमी झाले म्हणजे कुठेतरी गळते आहे. काही गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते. तिथे गळती दिसली तर ब्रेक तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.

• पेडल भराभर तीन-चार वेळा मारा. मग गिअर नीट पडला, तर बहुधा नळीत हवा आहे.

• पेडल दाबून धरा. ते हळूहळू खाली बसत गेले आणि बाहेर कुठे ओल नसेल, तर मास्टरचे रबर आतून गेले असे समजा. पेडलच्या वर, दांडी आत शिरते तिथे ओल असेल, तर मास्टर बाहेर गळतो आहे.

• स्लेव्ह सिलिंडरची रबरी टोपी मागे सारा. आत तेल दिसले तर स्लेव्हचे रबर बदला.

• एकाला पेडल दाबायला सांगून फोर्कची हालचाल पाहा. फोर्क पूर्ण सरकतो आणि तरी गिअर करकरतो, तर मात्र दोष आत आहे. मग मिस्त्रीचे म्हणणे बरोबर.

काही नव्या गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या तोंडाशी, आतच असतो. तो गळला तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.

हवा काढण्याची रीत

इंजिन बंद करून हँडब्रेक ओढा, चाकांना पुढे-मागे दगड लावा. टाकी तेलाने भरा. स्लेव्हच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या तेलात बुडवा. मदतनीसाने पेडल दाबून धरायचे, मग तुम्ही निपल अर्धा आटा सैल करायचे. तेल-बुडबुडे बाहेर आले की निपल आवळायचे आणि त्यानंतरच पेडल सोडायचे. हा क्रम चुकला तर हवा परत आत ओढली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करा. मधे टाकी रिकामी होऊ देऊ नका. निघालेले तेल पुन्हा वापरू नका.

क्लच घसरत असेल तर

प्लेट झिजलेली असू शकते, किंवा इंजिनचे ऑइल तिच्यावर उतरलेले असू शकते. पण आधी पेडलचा प्ले बघा. पेडल हाताने हलके दाबले की सुरुवातीचे थोडे अंतर मोकळे जायला हवे. प्ले मुळीच नसेल तर मास्टरमधले परतीचे छिद्र उघडत नाही, तेल परत येत नाही, क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि चांगली प्लेट जळते. मास्टरच्या दांडीचा लॉक नट सैल करून दांडी फिरवा. लांबी वाढली की प्ले कमी होतो, घटली की वाढतो. किती मिलिमीटर ठेवायचा ते गाडीच्या पुस्तकात असते. तेवढाच ठेवून नट आवळा. पेडलवर पाय ठेवून गाडी चालवण्याची सवयही प्लेट खाते.

तेलाची हयगय नको

टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असे लिहिलेले असते, तेच ब्रेक ऑइल घाला. घरात आहे म्हणून इंजिनचे ऑइल ओतू नका. त्याने रबरे फुगतात आणि मास्टर, स्लेव्ह दोन्ही जातात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. नवे डॉट ३ तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा धरल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. म्हणून उघडा राहिलेला डबा वापरू नका आणि पुस्तकात दिलेल्या मुदतीत तेल बदला. रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उखडतो.

ही तपासणी अर्ध्या तासाची आहे आणि ती हंगामाच्या तोंडावर करून ठेवावी. पुढे गॅरेजला जावे लागलेच, तर "क्लच बिघडलाय" एवढेच न सांगता काय पाहिले आणि काय आढळले ते मिस्त्रीला सांगा. कामही नेमके होईल आणि बिलही.