'तिग्रिस' आणि 'वाघ' : दोन प्राणिनामांचा अर्थविचार

प्राण्याचे नाव हे त्या प्राण्याइतकेच, नाव वापरणाऱ्या समाजाचे त्याच्याशी असलेले नातेही व्यक्त करते. ग्रीक 'तिग्रिस' आणि मराठी 'वाघ' या शब्दांची तुलना या दृष्टीने उद्बोधक ठरते.

ग्रीकांना वाघ ऐकीव माहितीतून परिचित झाला. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस याने भारतात वाघाचे कातडे पाहिले होते. जिवंत वाघ नव्हे. 'तिग्रिस' हा शब्दही उसनाच आहे. त्याचा उगम बहुधा इराणी असावा, असे मानले जाते. अवेस्तातील 'तिघ्रि' म्हणजे बाण. इ.स.पू. पहिल्या शतकातील रोमन पंडित वारो यानेही या नावाचा संबंध बाणाशी व वेगवान नदीशी जोडला आहे. फारसीतून मराठीत आलेला 'तीर' हा शब्द त्याच इराणी कुळातला होय. ही व्युत्पत्ती ग्राह्य धरल्यास, ग्रीक नावात प्राण्याचा केवळ वेग उरतो.

'वाघ' शब्दाची वाट निराळी आहे. संस्कृत 'व्याघ्र', प्राकृत 'वग्घ' आणि मराठी 'वाघ' हा क्रम 'हस्त–हत्थ–हात' याप्रमाणेच नियमित आहे. यास्काने 'व्याघ्र' शब्दाचा संबंध हुंगण्याशी, तसेच जबडा पसरून मारण्याशी लावला. दोन्ही कल्पना निकटच्या निरीक्षणातून सुचलेल्या दिसतात.

हे सान्निध्य नाशिक जिल्ह्याच्या बोलीत आजही आढळते. निफाडच्या उसात वावरतो तो प्राणिशास्त्रानुसार बिबट्या. परंतु गावकऱ्यांच्या तोंडी तो 'वाघ'च असतो. पट्टेरी वाघ वेगळा दाखवावयाचा असल्यास 'ढाण्या' हे विशेषण लागते. पेठ-सुरगाणा भागातील आदिवासी वाघबारशीला, म्हणजे आश्विन वद्य द्वादशीला, वाघदेवाची पूजा करतात. गुरांचे रक्षण व्हावे, हा तिचा हेतू. येथे 'वाघ' हे एका जातीचे नाव नसून, गुराखी व रान यांच्यातील भयाचे आणि कराराचे नाव आहे. 'वाघ म्हटले तरी खातो, वाघोबा म्हटले तरी खातो' ही म्हण आदरार्थी नावाची निष्फळता सांगते. तरीही पूजा थांबलेली नाही.

वृत्तपत्रे व शासकीय कागदपत्रे आज या 'वाघा'च्या जागी 'बिबट्या' लिहितात. शास्त्रीय नेमकेपणासाठी ते आवश्यकच आहे. मात्र बोलीतील व्यापक अर्थ चूक ठरवून कोशातून वगळल्यास वाघदेवाचा अर्थही दुर्बोध होईल. कोशकारांनी दोन्ही अर्थ प्रदेशनिर्देशासह नोंदविणे म्हणूनच अगत्याचे आहे.