वॅटचा आकडा अटींसकट वाच

बाळ, ॲक्टिव्ह स्पीकर घ्यायला निघाला आहेस, तर चार गोष्टी कानात घालून ठेवतो. खोक्यावर लिहिलेल्या वॅटवर विश्वास ठेवायचा का, असं तू विचारलंस. नावाजलेल्या कंपनीचा आकडा सहसा थाप नसते. पण तो कुठल्या अटींवर मोजलाय हे खोक्यावर क्वचितच लिहिलेलं असतं, आणि गोम तिथेच आहे.

सुट्या ॲम्प्लिफायरचं खोटं लवकर उघडं पडतं. मागच्या टर्मिनलला ८ ओहमचा जाड रेझिस्टर लावला, समोर ऑसिलोस्कोप ठेवला की पाच मिनिटांत निकाल. ॲक्टिव्ह स्पीकरमध्ये ॲम्प डब्याच्या आत, त्याच्या तारा थेट वूफर-ट्विटरला. गिऱ्हाइकाच्या हाताला मोजायला काही लागतच नाही. म्हणून कागदच नीट वाचायला हवा.

खोक्यावर पीएमपीओ (पीक म्युझिक पॉवर आउटपुट) दिसलं की पुढच्या दुकानात जा. नव्वदच्या दशकात हातात मावणाऱ्या टेपरेकॉर्डरवरही हजार वॅटचे स्टिकर असायचे. पीएमपीओ मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही, त्यामुळे आकडा काहीही टाकता येतो. 'पीक'ला निदान अर्थ आहे: शुद्ध साइन लहरीत पीक पॉवर सरासरीच्या बरोबर दुप्पट असते. पण ती क्षणभराची. रिंगणात वारकरी धावतो, म्हणून तो आळंदीहून पंढरपूरला धावत गेला असं कोणी म्हणत नाही. तू आरएमएस किंवा 'कंटिन्युअस' शब्द शोध.

बेरीज फोडून बघ. यामाहाच्या एचएस ५ वर ७० वॅट लिहिलेलं असतं. त्यातले ४५ वूफरचे, २५ ट्विटरचे, आणि हे एका डब्याचे. एडिफायरच्या आर १२८० टी चे ४२ वॅट मात्र दोन्ही डबे मिळून. दोन्ही आकडे प्रामाणिक आहेत, पण शेजारी ठेवून तुलना केलीस तर फसशील. शिवाय गाण्यातली बहुतेक ताकद खालच्या सुरांत असते. ट्विटरच्या वाट्याचे वॅट फारसे खर्चच होत नाहीत. वूफरला किती, एवढंच विचार.

आवाज किती फाटेपर्यंत मोजला, ते विचार. १ टक्का विकृतीला थांबण्याऐवजी १० टक्क्यांपर्यंत ताणलं, की तोच ॲम्प कागदावर पाव हिस्सा तरी वाढतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३११६ ही चिप घे. तिची '५० + ५० वॅट' ही ओळख खरी आहे, पण २१ व्होल्टवर, ४ ओहमला आणि १० टक्के विकृतीला. तीच चिप १२ व्होल्टवर चालवली तर ४ ओहमला १८ वॅटच्या पुढे स्वच्छ आवाज निघूच शकत नाही. चिपचं नाव तेच, म्हणून जाहिरातीतला आकडाही तोच राहतो.

अमेरिकेत याच बनवाबनवीला कंटाळून १९७४ साली फेडरल ट्रेड कमिशनने ॲम्प्लिफायरच्या पॉवरसाठी नियम केला. २०२४ मध्ये तो आणखी कडक झाला: ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, विकृती १ टक्क्याच्या आत. तो आपल्याकडे लागू नाही. तरी कुठलाही आकडा या चौकटीत कितपत बसतो, हे मनात तपासून पाहावं.

अडॅप्टर उलटा करून वाच. त्यावर १२ व्होल्ट, २ अँपिअर असेल, तर आत जातात २४ वॅट. मग सलग १०० बाहेर कुठून येणार? पण भिंतीच्या प्लगवर चालणाऱ्या स्पीकरला हीच फूटपट्टी लावून लगेच चोर ठरवू नकोस. एचएस ५ चाच वीजवापर ४५ वॅट छापलेला आहे, म्हणजे आउटपुटपेक्षा कमी! त्यात लबाडी नाही. वीजवापर पूर्ण ताकदीवर मोजायचा रिवाज नाही. सुरक्षा मानकात तो ताकदीच्या आठव्या हिश्शावर मोजायची पद्धत आहे, कारण गाणं सरासरीने तेवढंही मागत नाही. मधल्या ठोक्यांना लागणारी जादा ताकद आतले कपॅसिटर पुरवतात.

वॅटऐवजी डेसिबल माग. ५० चे १०० वॅट केलेस तर आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. तो दुप्पट वाटायला १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. आणि ८८ डेसिबल संवेदनशीलतेचा (म्हणजे एका वॅटला एक मीटरवर तेवढा आवाज देणारा) स्पीकरसुद्धा विजेतला अर्धा टक्काही आवाजात बदलत नाही, बाकीची कॉइल तापवते. ॲक्टिव्ह स्पीकरची संवेदनशीलता बहुतेक वेळा सांगतच नाहीत, मग नुसत्या वॅटवरून काय कळणार? एक मीटरवर जास्तीत जास्त किती डेसिबल, सलग की क्षणभर, एका डब्याचे की जोडीचे, हे विचार.

आपली गरज मांडून बघ. तुझ्या हॉलमध्ये तू अडीच मीटरवर बसणार. ८६ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरची जोडी एकेका वॅटवर तिथे साधारण ८१ डेसिबल देईल. रोजच्या ऐकण्याला ७५ भरपूर, त्याला पाव वॅट पुरतो. तबल्याची थाप सरासरीच्या २० डेसिबल वर उसळली, तर क्षणभर २५ वॅट. म्हणजे वूफरला खरे ४०-५० वॅट असले की घरात कमी पडत नाही.

शेवटी कान लाव. ओळखीचं तबल्याचं रेकॉर्डिंग घेऊन जा. हळू आवाजात डग्ग्याचा घुमार मनात ठेव, मग व्हॉल्यूम टप्प्याटप्प्याने चढव. गायकाचा आवाज मोठा होतोय पण डग्गा रोडावला, तर आतला लिमिटर खर्ज कापू लागला आहे. मागच्या भोकाशी हात धर. भसभस वारा येऊन सूर गढूळ होत असेल, तर तीही मर्यादाच. त्या स्पीकरची खरी ताकद तिथे संपली, खोक्यावर काही का लिहिलेलं असेना.

आणि आकड्यांवर घासाघीस करून झाली की दुकानदाराला विचार, आतलं ॲम्पचं बोर्ड गेलं तर सुटं मिळतं का, वॉरंटी किती, दुरुस्ती कुठे होते. ते बोर्ड गेलं की पूर्ण डबा मुका होतो, दुसरा ॲम्प जोडून काम भागत नाही. याचं सरळ उत्तर देणाऱ्याकडून घे, मग दहा वॅट कमी असले तरी चालतील.