वीट गेली, सिमेंट राहिलं

पुण्याच्या जुन्या पेठांमधून पायी फिरताना एक विचित्र भिंत हमखास नजरेला पडते. विटा बोटभर आत झिजलेल्या आणि त्यांच्या मधल्या करड्या दरजा जाळीसारख्या बाहेर उभ्या. बघणाऱ्याला वाटतं, विटा कच्च्या होत्या, सिमेंट भरलं म्हणून भिंत तरी टिकली. खरं कारण नेमकं उलटं असतं. त्या सिमेंटनेच विटा खाल्लेल्या असतात.

सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या मालकांनी हे आपल्याच पश्चिमेच्या भिंतीवर अनुभवलं. आळीत त्यांना सगळे काका म्हणतात. कुणी जुन्या भिंतीचं काम काढलंय असं नुसतं कानावर आलं तरी ते तिथे जाऊन उभे राहतात, हातात विटेच्या पापुद्र्यांनी भरलेली पिशवी घेऊन. बोलावणं आलेलं नसतं, पण पिशवी उघडली की लोक ऐकून घेतात.

पावसाचा मारा पश्चिमेकडून, त्यामुळे त्या बाजूच्या दरजा पोकळ झाल्या होत्या. बोट घातलं की भुगा पडायचा. कंत्राटदार आला, त्याने भिंतीवर थाप मारली आणि निकाल दिला, “काका, चुना आता कोण वापरतं? एकाला तीन सिमेंट भरू, पुढची पन्नास वर्षं बघायला नको.” ग्राइंडर फिरला, धुरळा उडाला, दरजा पट्टीने आखल्यासारख्या सरळ झाल्या. दिवाळीत भिंत इतकी टापटीप दिसत होती की शेजारच्यांनीही तोच माणूस बोलावला. पुढच्या पावसाळ्यात आतल्या खोलीतली ओल पूर्वी कधी गेली नव्हती इतक्या उंचीवर चढली. उन्हाळा आला तसा विटांवर पांढरा खार फुटला आणि मग पापुद्रे सुटायला लागले. काकू रोज सकाळी अंगणातून सुपलीभर लाल चुरा झाडून काढायच्या.

यात सिमेंट भेसळीचं नव्हतं आणि कामही आळसाने केलेलं नव्हतं. उलट सिमेंट फार चांगलं बसलं, हीच अडचण झाली. जुनी हातभट्टीची वीट मऊ असते, पाणी पिते. चुन्याची दरज तिच्याहूनही मऊ आणि सच्छिद्र. पावसाळ्यात भिंत भिजते आणि नंतर सुकताना तिच्यातलं बरंचसं पाणी या दरजांमधून बाहेर पडतं. पाण्याबरोबर आलेले क्षारही दरजेतच साठतात. त्यामुळे झिजते ती दरज, आणि झिजणं हे तिचं कामच आहे. ती पुन्हा भरता येते. दरजेत घट्ट सिमेंट बसवलं की ही वाट बंद होते. मग पाणी विटेतून बाहेर पडतं आणि क्षारांचे स्फटिक विटेच्या कातडीखाली धरतात. ते वाढले की कातडी उचलली जाते. थंड देशांतल्या पुस्तकांत याचं खापर गोठणाऱ्या पाण्यावर फोडलेलं असतं. पुण्यात बर्फ नाही, पण मीठ तेच काम चोख करतं. एकदा वरची पक्की भाजलेली कातडी गेली की आतली भुसभुशीत वीट उघडी पडते आणि झीज आणखी वाढते.

उन्हापावसाने विटा थोड्या फुगतात, आक्रसतात. चुना ते सहन करतो. सिमेंट हलत नाही आणि विटेच्या कडा मोडतात.

सिमेंट या वाड्यांच्या ओळखीचंच नाही. पेशवाई संपली १८१८ मध्ये आणि लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं १८२४ मध्ये. म्हणजे १७३२ चा शनिवारवाडा काय किंवा १८०७ चा विश्रामबागवाडा काय, त्यांच्या मूळ बांधकामात सिमेंटचा कणही असणं शक्य नाही. पोरबंदरच्या कारखान्यातून भारतीय सिमेंट बाहेर पडू लागलं ते १९१४ मध्ये. त्याआधीच्या आपल्याकडच्या बहुतेक विटांच्या इमारती चुन्यावर नाहीतर मातीवर उभ्या आहेत. मोठ्या इमारतींनाही हा धडा महागात पडला आहे. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याच्या दुरुस्तीत विसाव्या शतकात छतावर ओतलेलं सुमारे दहा लाख किलो काँक्रीट काढावं लागलं आणि तिथे पुन्हा चुना वापरला गेला.

तर दरजा पोकळ दिसल्या की सिमेंटची गोणी आणण्याआधी काय करायचं? काकांचं पहिलं उत्तर ऐकून लोक थोडे नाराज होतात: भिंतीला हात लावू नका, वर बघा. कौल सरकलंय का, पन्हळ फुटलीय का, गच्चीचं पाणी भिंतीवरून उतरतंय का, न्हाणीघराचा नळ आतल्या आत पाझरतोय का. मग खाली बघा. रस्ता दर डांबरीकरणाला उंच होत जातो, अंगणात फरशी किंवा पेव्हर ब्लॉक बसतात आणि पूर्वी जमिनीतून सुकणारी ओल भिंतीतून वर चढते. तळाशी सिमेंटचा गिलावा केला तर ती आणखी वर जाते. हे मिटवल्याशिवाय भरलेली दरज, कशानेही भरली तरी, पुन्हा जाणार. भिंत पोटातून फुगली असेल किंवा तिरकी भेग पडली असेल तर ते गवंड्याचं काम नव्हे. आधी संरचना अभियंत्याला दाखवावं. वाडा वारसा यादीत असेल तर परवानगीही लागते.

दुसरी पायरी म्हणजे मूळ माल कशाचा आहे ते ओळखणं. आतल्या बाजूने दरजेचा एक खडा काढून रात्रभर पेल्यात, पाण्यात ठेवावा. सकाळी चिखल झाला तर ती माती. सागवानी खांबांच्या चौकटीत भरलेल्या विटा अनेक वाड्यांत मातीतच रचलेल्या असतात आणि चुना फक्त बाहेरच्या तोंडाला असतो. खडा तसाच राहिला तर तो चुन्याचा असण्याची शक्यता जास्त. प्रयोगशाळेत तो सौम्य आम्लात विरघळवला की खाली मूळ वाळू उरते. तिचा रंग आणि दाणा बघून नवी वाळू निवडता येते. नदीच्या वाळूऐवजी क्रश सँड घातली तर रंग करडा येतो आणि भिंत ठिगळ लावल्यासारखी दिसते.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते दरज भरताना नव्हे, उकरताना. ग्राइंडरचं पातं उभ्या दरजेत घातलं की ते वरच्या आणि खालच्या विटेत घुसतंच, कारण उभी दरज फक्त एका विटेच्या उंचीची असते. काकांच्या भिंतीवर त्या खाचा अजून दिसतात. मऊ चुना अरुंद छिन्नी आणि हलक्या हातोडीने सहज निघतो. खोली दरजेच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट असावी. दहा मिलिमीटरच्या दरजेला वीस ते पंचवीस. खाचेचा तळ चौकोनी राहू द्यावा, इंग्रजी व्हीसारखा नको, नाहीतर नवा माल धरत नाही. ज्या दरजा अजून घट्ट आहेत त्या सोडून द्याव्यात. “सगळी भिंत एकसारखी करून देतो” असं म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहावं.

आता माल. चुनकळी भिजवून, गाळून, लोण्यासारखा झालेला चुना काही आठवडे पाण्याखाली मुरू द्यायचा. मुरतो तितका तो कामाला मऊ येतो. आपल्याकडे पूर्वी बैलाच्या घाणीत चुना आणि वाळू एकत्र मळली जाई. आता यांत्रिक घाणी वापरतात, पण मळण्याला पर्याय नाही. निव्वळ चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत फार सावकाश पक्का होतो. पावसाच्या माऱ्यातल्या भिंतीला म्हणून त्यात सुरखी, म्हणजे विटांचा बारीक चुरा घालतात. चुना, सुरखी आणि वाळू समभाग हे आपल्याकडचं जुनं प्रमाण. सुरखी कमी भाजलेल्या विटेचीच हवी. जास्त भाजलेली वीट चुन्याशी जुळत नाही. इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकात स्मीटन प्रकल्पात चुन्याच्या मिश्रणांच्या चाचण्या झाल्या, तेव्हा हीच गोष्ट पुन्हा दिसली. लवकर सुकावं म्हणून चुन्यात ओंजळभर सिमेंट टाकलं तर माल उलट कमी टिकतो, हेही तिथेच दिसलं. आपल्या गवंड्यांची ही सवय मात्र काही केल्या सुटत नाही. गूळ आणि हिरडा घालायची परंपरा खरी आहे, पण ती जाणत्याच्या हाताखाली. गुळाचा रवा ओतला म्हणून भिंत किल्ल्याची होत नाही, आणि मुंग्या लागतात त्या वेगळ्याच!

भरण्याआधी खाच ब्रशने साफ करून पाणी मारावं. वीट ओली हवी, पण तिच्यावर पाणी साचलेलं नको. माल घट्टसर ठेवून सहा-सात मिलिमीटरच्या थरांनी दाबत भरावा. अंगठा दाबून ठसा जेमतेम उमटेल इतका आधीचा थर आवळला की पुढचा. विटांच्या कडा झिजलेल्या असतील तर दरज तोंडापासून किंचित आत ठेवावी. माल विटेवर पसरला की त्याचे पातळ काठ आधी सुटतात. नंतर ओलं गोणपाट टांगून बरेच दिवस सावकाश सुकू द्यावं. म्हणून हे काम ना एप्रिल-मेच्या उन्हात करावं, ना पावसात. दसऱ्यापासून थंडी सरेपर्यंतचा काळ सोयीचा. चुनकळी भिजवताना पाणी अक्षरशः उकळतं, तेव्हा डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेतच. ग्राइंडर लावावाच लागला तर मास्कशिवाय कुणालाही जवळ उभं करू नये. त्या धुरळ्यातला सिलिका फुप्फुसात कायमचा बसतो.

काम झालं की वर सिलिकॉनचा थर किंवा प्लास्टिक रंग मारायचा मोह होतो, कारण दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणून तोच पुढे करतो. त्याने भिंतीचा श्वास पुन्हा कोंडतो. रंग हवाच असेल तर चुन्याचा द्यावा.

काकांनी नंतर चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधला. त्याने आधी हातभर जागेवर नमुना करून एक पावसाळा जाऊ दिला, मगच पश्चिमेच्या भिंतीला हात घातला. पार गेलेल्या विटा पाडलेल्या वाड्यांच्या जुन्या विटांनी बदलल्या. जिन्याजवळच्या भागातलं सिमेंट मात्र त्याने सोडून दिलं. तिथे ते विटेला इतकं चिकटलंय की उपटलं तर विटेचं तोंडही सोबत येईल. ते आपणहून सुटेल तेव्हाच काढायचं, तोवर पन्हळ नीट ठेवायची, असं त्याने बजावलं आहे. तुमच्या भिंतीवरही असं घट्ट बसलेलं सिमेंट असेल तर ते ओरबाडायच्या भानगडीत पडू नका.